जास्त पळालेली स्पोर्ट्स कार: निवडण्यापासून ताकद वाढवण्यापर्यंत

दीड-दोन लाख किलोमीटर पळालेली स्पोर्ट्स कार विकायला आली की बहुतेक गिऱ्हाइकं रीडिंग बघूनच पुढे सरकतात. मॉडिफाय करण्यासाठी गाडी शोधणाऱ्याने मात्र नेमकं अशाच गाडीपाशी थांबावं. शॉक ॲब्सॉर्बर, क्लच प्लेट, ब्रेक, बुश, टायर, सायलेन्सर हे सगळं तुम्ही बदलणारच आहात. कमी चाललेल्या गाडीत हे भाग शाबूत असल्याचे पैसे तुम्ही किमतीत मोजता आणि काही महिन्यांत तेच काढून कोपऱ्यात ठेवता. म्हणून माझा हिशेब सरळ आहे. जे काढून टाकायचं आहे त्याला पैसे देऊ नयेत. जे बदलता येत नाही, किंवा बदलायला जवळजवळ गाडीइतकाच खर्च येतो, त्यात तडजोड करू नये. यात पहिला नंबर बॉडीचा, दुसरा इंजिनच्या आतल्या भागांचा आणि तिसरा गिअरबॉक्सचा.

आधी वापर, मग मॉडेल

नुसतं 'ताकद वाढवायची' म्हणून भागत नाही. ट्रॅकवर सलग पंधरा-वीस मिनिटं गाडी दामटायची असेल तर हलकी गाडी सगळ्यात स्वस्त पडते, कारण टायर, ब्रेक आणि कूलिंग या तिन्हींवरचा ताण वजनाबरोबर वाढतो. १९८९ मध्ये आलेली पहिल्या पिढीची माझदा मिआटा याच कारणाने आजही शोधली जाते. जेमतेम एक टनाची गाडी, मागच्या चाकांना ड्राइव्ह आणि सुट्या भागांची रेलचेल. सरळ रस्त्यावरची जबर ओढ हवी असेल तर कंपनीतूनच टर्बो लागून आलेली गाडी घ्या.

टर्बो नसलेल्या इंजिनात इनटेक, एक्झॉस्ट आणि रिमॅप (इंजिनच्या कॉम्प्युटरमधलं सॉफ्टवेअर बदलणं) असं सगळं करूनही साधारण ५ ते १० टक्क्यांच्या पुढे जाणं कठीण असतं, कारण सिलिंडरमध्ये हवा शिरते ती बाहेरच्या दाबानेच, म्हणजे सुमारे १ बारने. टर्बोच्या इंजिनात नुसता बूस्ट, म्हणजे टर्बो देतो तो हवेचा दाब, वाढवला तरी जास्त हवा कोंबता येते, त्यामुळे तिथे रिमॅपने पडणारा फरक पाठीला जाणवतो. नंतर टर्बो बसवू म्हणून साधं इंजिन घेणाऱ्यांनी टर्बो किटबरोबर इंजेक्टर, इंटरकूलर (टर्बोची तापलेली हवा थंड करणारा), क्लच, ईसीयू (इंजिनचा कॉम्प्युटर) आणि ट्यूनिंग यांचाही खर्च आधीच मांडावा. हे सगळं धरलं की कंपनीची टर्बो गाडी बहुतेक वेळा स्वस्त निघते.

प्रत्येक मॉडेलचं एक दुखणं असतं

गाडी बघायला जाण्याआधीचा सगळ्यात उपयोगी अभ्यास हाच. जास्त पळालेल्या गाडीत हे दुखणं होऊन गेलेलं असतं, नाहीतर दाराशी येऊन ठेपलेलं असतं. मधली अवस्था फारशी नसते.

मिआटाचंच उदाहरण घ्या. १९९१ च्या मध्यापर्यंतच्या १.६ लिटर इंजिनांमध्ये क्रँकशाफ्टचं पुढचं टोक आखूड होतं. त्यावरची पुली सैल होऊन शाफ्टची चावी आणि खाच खराब होण्याचे प्रकार झाले. हे ओळखायला इंजिन खोलावं लागत नाही. टॉर्च घेऊन खालच्या पुलीकडे बघायचं: चार खाचा असल्या तर आखूड टोकाचा क्रँक, आठ असल्या तर नंतरचा. असा क्रँक असला म्हणजे गाडी सोडून द्यावी असं नाही, पण चालू इंजिनवर ती पुली डगमगत असेल तर लगेच सोडावी.

होंडा एस२००० चं दोन लिटरचं इंजिन सुरुवातीच्या गाड्यांत ९,००० आरपीएमच्या आसपास फिरतं आणि नीट सांभाळलं तर भरपूर टिकतं. त्याचा शत्रू आहे चुकीचं डाउनशिफ्ट. पाचव्यातून चौथ्यात जाताना हात चुकून दुसऱ्यात पडला तर चाकंच इंजिनला फिरवतात, आणि रेव्ह लिमिटर (आरपीएम मर्यादेत ठेवणारी सोय) तिथे काहीही करू शकत नाही, कारण तो फक्त इंधन तोडतो. अशा झटक्याने व्हॉल्व्ह स्प्रिंगच्या रिटेनरला तडे जातात आणि इंजिन त्यानंतरही बरेच दिवस बरं चालतं. काही पॉर्शच्या ईसीयूमध्ये अशा ओव्हर-रेव्हची टप्प्यांनुसार नोंद साठते. ती नोंद वाचून घेतल्याशिवाय मॅन्युअल गिअरबॉक्सची पॉर्श घेऊ नये असं माझं स्पष्ट मत आहे. ९९६ मालिकेची ९११ किंवा पहिली बॉक्स्टर असेल तर आयएमएस बेअरिंग (इंजिनमधल्या इंटरमीडिएट शाफ्टचं बेअरिंग) बदललंय का हे बिलासकट विचारा. त्या गाड्यांत हे बेअरिंग गेलं की अख्खं इंजिन जातं.

बीएमडब्ल्यू ई४६ एम३ मध्ये मागचा सबफ्रेम (मागचं सस्पेन्शन धरणारा सांगाडा) ज्या पत्र्याला धरलेला असतो तो पत्राच फाटतो. गाडी जॅकवर घेऊन त्याच्या जोडणीचे चारही बिंदू बघायचे, ताजा काळा लेप दिसला तर तो का मारला हे विचारायचं. त्याच गाडीच्या एस५४ इंजिनात कनेक्टिंग रॉडची बेअरिंगं ही ठराविक अंतराने बदलायची वस्तू मानली जाते. सुबारूच्या २.५ लिटर टर्बो ईजे इंजिनात पिस्टनच्या रिंगांमधली कड तुटते, विशेषतः कोणीतरी ढिसाळ ट्यूनिंग केलेलं असेल तर. पाचव्या पिढीच्या गोल्फ जीटीआयच्या दोन लिटर एफएसआय इंजिनात हाय-प्रेशर पंपाखालचा कॅम फॉलोअर झिजतो. तो पंप काढून थोड्या वेळात बघता येतो, त्यामुळे तिथे अंदाजावर राहायचं कारण नाही. माझदा आरएक्स-८ चं रोटरी इंजिन तर वेगळाच विषय आहे. त्याचं कॉम्प्रेशन साध्या गेजने नीट कळत नाही, प्रत्येक रोटरच्या तिन्ही बाजू वेगवेगळ्या दाखवणारा खास टेस्टर लागतो. तो मिळत नसेल तर जास्त पळालेली आरएक्स-८ घेऊ नका.

डायरेक्ट इंजेक्शनच्या इंजिनांमध्ये पेट्रोल इनटेक व्हॉल्व्हवर पडतच नाही, त्यामुळे तिथे कार्बनचे थर साचतात. अक्रोडाच्या टरफलांची पूड मारून ते साफ करतात. हे काम कधी केलं होतं, हा प्रश्न विक्रेत्याला टाकून बघा. उत्तरावरून गाडीबद्दल जेवढं कळतं तेवढंच मालकाबद्दलही कळतं.

पैशांची वाटणी

एकूण जेवढे पैसे आहेत त्यातले निम्म्याहून जास्त गाडीत घालू नका. उरलेल्यातला मोठा वाटा गाडी तिच्या मूळ अवस्थेत आणायला जातो आणि त्यानंतर जे राहतं तेवढंच खरं मॉडिफिकेशनचं. सगळे पैसे गाडीत घालून 'पुढचं हळूहळू करू' म्हणणाऱ्यांच्या गाड्या अर्धवट अवस्थेत पुन्हा विकायला येताना मी बघत आलो आहे. इन्शुरन्स कंपनीला बदल कळवणं, धुराचे आणि आवाजाचे नियम, बदलांची नोंद हे तुमच्याकडे कसं चालतं ते गाडी घेण्याआधीच तपासा. न कळवलेल्या बदलामुळे क्लेम नाकारला जाऊ शकतो.

कागद आणि बिलं

रीडिंगच्या आकड्यापेक्षा बिलांची फाइल बोलकी असते. ऑइल किती अंतराने बदललं, टायमिंग बेल्ट आणि वॉटर पंप कधी झाले, कूलंट कधी बदललं, एवढं त्यात सापडलं पाहिजे. हायवेवर दोन लाख किलोमीटर झालेलं इंजिन रोज पाच-सात किलोमीटर चालवून थंडच बंद केलेल्या ऐंशी हजारांच्या इंजिनापेक्षा चांगलं असू शकतं, कारण इंजिनची झीज मुख्यतः थंड असताना होते. पेडलचे रबर, स्टिअरिंगचं चामडं आणि ड्रायव्हर सीटची दाराकडची कड ही रीडिंगशी जुळतात का, तेही बघा.

आधीच मॉडिफाय केलेली गाडी मोहात पाडते. भाग चांगल्या ब्रँडचे असले, ट्यूनरचं नाव आणि डायनोचा (गाडीची ताकद मोजणाऱ्या यंत्राचा) कागद हाताशी असला तर ती फायद्याची ठरते. पण 'रिमॅप होता, आता काढलाय' असं ऐकलं तर सावध व्हा. त्या रिमॅपवर इंजिनने काय सोसलं हे मूळ फाइल परत टाकल्याने पुसलं जात नाही.

गाडी बघताना

विक्रेत्याला आधीच सांगून ठेवा की इंजिन थंड हवंय. पोहोचल्यावर पहिल्यांदा बॉनेटवर हात ठेवा. कोमट लागलं तर एक तर थांबा, नाहीतर दुसऱ्या दिवशी या. थंड इंजिनचं पहिलं स्टार्ट म्हणजे गाडी स्वतःहून खरं सांगते तो क्षण, आणि तो दहा-पंधरा सेकंदांत संपतो. म्हणून कोणाला तरी स्टार्ट मारायला सांगून तुम्ही सायलेन्सरपाशी उभे राहा. सुरू होताच निळसर धुराचा भपका येऊन गेला तर रात्रभर व्हॉल्व्ह सीलमधून ऑइल उतरलेलं असतं. पांढरी वाफ थंड हवेत येणारच, पण इंजिन गरम झाल्यावरही ती थांबली नाही आणि तिला गोडसर वास आला तर कूलंट जळतंय. साखळीचा खडखडाट दोन-तीन सेकंदांत थांबायला हवा. खालून खोल, जड ठोका आला आणि तो इंजिनच्या वेगाबरोबर वाढला तर बेअरिंगचा संशय घेऊन तिथेच थांबा.

आता बॉडी. माझा सगळ्यात जास्त वेळ इथेच जातो. इंजिन दुसरं मिळतं, गिअरबॉक्स दुसरा मिळतो, पण कुजलेली किंवा वाकडी बॉडी म्हणजे चासी नंबरासकट गाडीच गेली. दाराखालचे सिल, मागच्या चाकांच्या कमानी, जॅक लावायच्या जागा, पुढचे स्ट्रट टॉवर (शॉक ॲब्सॉर्बर वर बॉडीला बसतो त्या जागा) आणि डिकीतली स्टेपनीखालची जागा बोटांनी चाचपा. मिआटात छताचं पाणी वाहून नेणाऱ्या नळ्या तुंबतात आणि मागच्या चाकांपुढचा सिलचा भाग आतून गंजतो. वरून रंग चकाचक असतो आणि दाबलं की पत्रा चुरचुरतो. रंगाची जाडी मोजायचं गेज मिळालं तर जरूर न्या. कंपनीचा रंग साधारण १०० ते १८० मायक्रॉनच्या आसपास असतो. एखाद्या पॅनलवर आकडा एकदम ५०० च्या वर गेला तर खाली लांबी (पुट्टी) भरलेली आहे. नुसतं बंपर किंवा फेंडर रंगवलेलं असणं मला फारसं खटकत नाही. पण स्ट्रट टॉवरजवळ किंवा डिकीच्या तळाशी कंपनीचे गोल स्पॉट वेल्ड नाहीसे होऊन सलग वेल्डिंगची रेघ दिसली, तर गाडी जबर ठोकलेली आहे आणि सस्पेन्शनचं अलाइनमेंट पुन्हा कधी नीट बसेल याची खात्री नाही.

टायरवरचे शेवटचे चार अंक उत्पादनाचा आठवडा आणि वर्ष सांगतात. २३१९ म्हणजे २०१९ चा तेविसावा आठवडा. चार चाकांना चार ब्रँडचे स्वस्त टायर असतील तर मालकाने दिसत नाही तिथेही तसंच भागवलेलं असण्याची शक्यता मोठी.

चालवताना

इंजिन पूर्ण गरम होईपर्यंत हळू चालवा आणि तापमानाचा काटा कुठे स्थिरावतो ते बघा. मग वरच्या गिअरमध्ये कमी आरपीएमवर पूर्ण ॲक्सिलरेटर द्या. आरपीएम चढले आणि वेग तेवढा वाढला नाही तर क्लच घसरतोय. क्लच तुम्ही बदलणारच आहात, तेव्हा ही वाईट बातमी नाही, भाव कमी करायला मिळालेलं निमित्त आहे. दुसऱ्या गिअरमध्ये वरून खाली येताना कर्र झालं तर मात्र सिंक्रो (गिअर बदलताना वेग जुळवणारी रिंग) झिजलाय. ते काम गिअरबॉक्स उघडूनच होतं आणि वाढीव ताकदीने ते आणखी लवकर वाढतं. उतारावर ॲक्सिलरेटर सोडून इंजिनच्या ब्रेकिंगवर गाडी येऊ द्या आणि मग एकदम दाबा. आरशात निळा धूर दिसला तर व्हॉल्व्ह सील आणि गाइड. पूर्ण ताकदीवर सतत निळा धूर येत असेल तर रिंग किंवा टर्बोचे सील. पाय ठेवताना-सोडताना मागून धडका जाणवल्या तर डिफरन्शियलचे बुश किंवा ड्राइव्हशाफ्टचे जॉइंट बघून घ्या. खडखडणारे लिंक रॉड, मऊ पडलेले बुश, मेलेले शॉक ॲब्सॉर्बर हे सगळं वहीत लिहा, पण त्यावरून गाडी नाकारू नका.

कॉम्प्रेशन, लीक-डाउन आणि स्कॅनर

इथपर्यंत गाडी पटली तर आता पैसे खर्चून तपासणी करा, आणि ती विक्रेत्याच्या ओळखीच्या नसलेल्या गॅरेजमध्ये. ही तपासणी नाकारणाऱ्याकडून गाडी घेऊ नये.

कॉम्प्रेशन टेस्ट गरम इंजिनवर, सगळे प्लग काढून, इंधन आणि इग्निशन बंद करून, थ्रॉटल पूर्ण उघडा ठेवून करतात. आकडा किती यापेक्षा चारही सिलिंडर एकमेकांच्या किती जवळ आहेत हे महत्त्वाचं. फरक १० टक्क्यांच्या आत हवा, १५ च्या पुढे गेला की कारण शोधायचं. समजा १७५, १७०, १७२ आणि १३० पीएसआय आलं. चौथ्या सिलिंडरमध्ये चमचाभर ऑइल टाकून पुन्हा मोजा. आकडा चढला तर रिंग झिजल्यात, जागचा हलला नाही तर व्हॉल्व्ह किंवा हेड गॅस्केट. शेजारशेजारचे दोन सिलिंडर सारखेच खाली असतील तर त्यांच्यामधलं गॅस्केट गेलेलं असू शकतं. आडव्या बॉक्सर इंजिनात ही ऑइलची युक्ती भरवशाची नाही, कारण ऑइल सिलिंडरभर न पसरता खालच्या बाजूला साचतं.

लीक-डाउन टेस्ट त्याहून जास्त सांगते. पिस्टन वरच्या टोकाला आणून सिलिंडरमध्ये दाबाखाली हवा सोडायची, किती टक्के गळते ते बघायचं आणि ती कुठून गळते ते कानाने ऐकायचं. इनटेकमध्ये सूं आवाज आला तर इनटेक व्हॉल्व्ह, सायलेन्सरमधून आला तर एक्झॉस्ट व्हॉल्व्ह, ऑइलच्या झाकणातून आला तर रिंग, आणि रेडिएटरमध्ये बुडबुडे आले तर हेड गॅस्केट. गळती १० टक्क्यांच्या आत असेल तर त्या इंजिनवर निर्धास्त ट्यूनिंग करता येतं. २० टक्क्यांच्या पुढे असेल तर इंजिन बांधण्याचा खर्च धरूनच भाव बोला.

ओबीडी स्कॅनर (ईसीयूमधली माहिती वाचणारं यंत्र) लावल्यावर नुसते एरर कोड बघून थांबू नका. रेडिनेस मॉनिटर (गाडीने स्वतःच्या तपासण्या पूर्ण केल्या का ते दाखवणारे) अपूर्ण दिसले तर कोड नुकतेच पुसलेत किंवा बॅटरी काढली होती. फ्युएल ट्रिम (ईसीयू इंधनात किती वाढ-घट करतोय तो आकडा) बघा. आयडलला ट्रिम बराच अधिक आणि आरपीएम वाढवल्यावर नॉर्मल होत असेल तर कुठून तरी फुकटची हवा शिरतेय. उलट, जोर वाढेल तसा ट्रिम वाढत गेला तर पंप किंवा फिल्टर इंधन पुरवायला कमी पडतोय, आणि असलं इंजिन रिमॅपला लावलं तर मिश्रण पातळ होऊन, म्हणजे इंधन कमी पडून, पिस्टन वितळतील. शक्य असेल तर ऑइलचा नमुना प्रयोगशाळेत पाठवा. शिसं आणि तांबं जास्त निघालं तर बेअरिंग, सिलिकॉन जास्त तर एअर फिल्टरमधून धूळ, सोडियम-पोटॅशियम तर कूलंट.

घरी आणल्यावर पहिलं काम

इनटेक आणि एक्झॉस्टचे बॉक्स आणून ठेवले असतील तर ते तूर्त बंदच राहू द्या. आधी इंजिन, गिअरबॉक्स आणि डिफरन्शियलचं ऑइल, कूलंट, ब्रेक फ्लुइड, प्लग, सगळे फिल्टर. बेल्टची खात्रीशीर नोंद नसेल तर बेल्ट आणि वॉटर पंप. थर्मोस्टॅट, रेडिएटरची झाकणं आणि कडक झालेले होज. व्हॅक्यूमच्या नळ्या. इंजिन माउंटिंग. जुना ऑइल फिल्टर कापून कागद पसरून बघा, त्यात चमकणारे कण असले तर पुढचं सगळं थांबवा. यानंतर काही आठवडे गाडी मूळ ताकदीवर चालवा आणि ऑइल किती खाते ते मोजा. मूळ ताकद न पेलणारं इंजिन वाढीव ताकदीने आणखी लवकर बसतं.

बदलांचा क्रम

टायर सगळ्यात आधी, कारण गाडी रस्त्याला चिकटते ती तिथेच. त्याबरोबर ब्रेक. ताशी १०० ऐवजी १४० वरून थांबायचं असेल तर ब्रेकने जिरवायची ऊर्जा जवळपास दुप्पट होते, कारण ती वेगाच्या वर्गाने वाढते. मोठे कॅलिपर लगेच लागत नाहीत. चांगले पॅड, जाडी शिल्लक असलेल्या डिस्क आणि ताजं फ्लुइड यांनी बहुतेकांचं काम भागतं. डॉट ४ फ्लुइड ताजं असताना किमान २३० अंश सेल्सिअसपर्यंत उकळत नाही, पण पाणी शोषलेल्या अवस्थेत ही हमी १५५ पर्यंत उतरते. ट्रॅकवर पेडल खाली जाण्याचं हे एक नेहमीचं कारण. मग बुश, शॉक ॲब्सॉर्बर, स्प्रिंग आणि शेवटी अलाइनमेंट. जुन्या बुशवर महागडे कॉइलओव्हर (स्प्रिंग आणि शॉक ॲब्सॉर्बरचा एकत्र संच) बसवणं म्हणजे पैसे वाया, कारण बुश दबतात तसे अलाइनमेंटचे कोन चालताना बदलत राहतात.

ताकद वाढवण्याआधी डायनोवर मूळ आकडा काढून घ्या, नाहीतर पुढे कशाने किती वाढलं हे कधीच कळणार नाही. कूलिंगची जास्तीची सोय आधी करा: टर्बो गाडीत चांगला इंटरकूलर, ट्रॅकसाठी ऑइल कूलर. हवा-इंधनाचं प्रमाण मोजणारा वाइडबँड सेन्सर बसवा. पेट्रोल पूर्ण जळायला हवा-इंधनाचं प्रमाण १४.७ ला १ लागतं, पण पूर्ण जोरावर टर्बो इंजिनला ते साधारण ११.५ ते १२ इतकं दाट (इंधन जास्त) ठेवतात, म्हणजे ज्वलनकक्ष थंड राहतो आणि नॉकिंग (मिश्रण अवेळी आपोआप पेटणं) टळतं. दोन लाख किलोमीटर झालेल्या इंजिनासाठी ट्यूनरला स्पष्ट सांगा की शेवटचे दहा हॉर्सपॉवर नकोत. बूस्ट थोडा कमी, ठिणगीचं टायमिंग थोडं मागे, आणि तुम्हाला रोज जे पेट्रोल मिळतं त्याच ऑक्टेनवर मॅप. दुसऱ्या गाडीची तयार फाइल टाकणाऱ्यापेक्षा तुमच्याच गाडीवर लॉग घेऊन मॅप लिहिणारा माणूस शोधा, मग त्यासाठी थांबावं लागलं तरी चालेल.

रिमॅपनंतर दर वेळी टाकी भरताना ऑइलची पातळी बघा आणि ईसीयू नॉकिंगमुळे टायमिंग किती मागे खेचतोय त्याचा लॉग ठेवा. हजार किलोमीटर झाल्यावर ऑइल बदला, फिल्टर कापा, प्लग काढून त्यांची टोकं भिंगाखाली बघा. पोर्सिलेनवर बारीक काळे किंवा चकचकीत ठिपके दिसले तर ते नॉकिंगचे आहेत, गाडी तशीच ट्यूनरकडे न्या. ठिपके नसतील तर प्लग काढलेच आहेत म्हणून कॉम्प्रेशन पुन्हा मोजा आणि खरेदीच्या वेळच्या आकड्यांशेजारी लिहून ठेवा.